किती आवळावे?

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या यवतमाळात घरोघरी भांडी घासली जातात, जाळीजळमटे काढली जातात. आणि ज्याच्या दारी मोटार आहे, तो गृहस्थ अर्ध्या दिवसापुरता मिस्त्री होतो. मीही होतो. काही वर्षांपूर्वी अशाच उत्साहाच्या भरात मी गाडीची चारही चाके काढून धुतली, पुन्हा बसवली, आणि नट सैल राहू नयेत म्हणून पान्यावर चक्क उभा राहिलो! भाऊबिजेला सहकुटुंब आर्णीच्या रस्त्याने निघालो, तो चाकापाशी टकटक असा आवाज येऊ लागला. उतरून पाहतो तर एक बोल्ट मोडलेला, शेजारचा नट सैल झालेला. आत बायको, दोन मुले आणि चकल्यांचा डबा. आणखी दोन कोस तसाच गेलो असतो तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

दोष ना गाडीचा होता, ना मिस्त्रीचा. तो माझ्या अंगातल्या जोराचा होता. तेव्हापासून एका साध्या प्रश्नाने मला पछाडले : बोल्ट आवळावा तरी किती?

या प्रश्नाचा इतिहास मँचेस्टरला सुरू होतो आणि, गंमत अशी की, आमच्या यवतमाळच्या स्टेशनापर्यंत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर चढेल तर शपथ! जोसेफ व्हिटवर्थ या मँचेस्टरच्या कारखानदाराने निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट जमवले, त्यांची मापे घेतली, आणि १८४१ साली सर्वांसाठी एकच पद्धत सुचवली. आट्यांचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक जाडीला इंचामागे ठरावीक आटे. रेल्वे कंपन्यांनी ती उचलली आणि आगगाडीबरोबर ती जगभर गेली.

ती आमच्याकडे आली शकुंतलेच्या पावलांनी. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची, अडीच फूट रुंदीची रेल्वे मुख्यतः कापसासाठी बांधली गेली. आमचा कापूस तिच्यातून मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि बोटीने मँचेस्टरला जाई. आणि त्याच मँचेस्टरात १९२१ साली बांधलेले इंजिन ती गाडी ओढी. १९९४ साली डिझेल आले आणि त्या म्हाताऱ्याला विश्रांती मिळाली. पुढे गाडीही थांबली.

लहानपणी रुळाच्या कडेने हिंडताना एका वृद्ध गँगमनला मी विचारले होते, की दोन रुळांच्या मध्ये ही फट कशाला? त्याने पाना खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “पोट्ट्या, लोखंडालेही उन्हाळ्यात पाय पसराले जागा लागते.” दहा मीटरचा रूळ ४० अंशांनी तापला तर जवळजवळ पाच मिलिमीटर वाढतो. म्हणून फिशप्लेटचे बोल्ट सांधा धरून ठेवतील इतके घट्ट, पण रुळाला सरकू देतील इतपतच आवळायचे. मला हवे असलेले अर्धे उत्तर त्या माणसाने तेव्हाच दिले होते. ते कळायला मात्र एक बोल्ट मोडावा लागला.

उरलेले अर्धे उत्तर असे. बोल्ट ही खरे पाहता एक कडक स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्ट किंचित ताणला जातो, आणि परत आखडू पाहणारा तो ताणच दोन भाग दाबून धरतो. ताण कमी पडला तर नट हादऱ्यांनी सुटतो. मर्यादेपलीकडे गेला तर पोलाद कायमचे लांबते, पकड जाते आणि बोल्ट कधीतरी मोडतो. पण हाताला तो ताण कळत नाही, कारण आपल्या जोराचा सुमारे नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्ची पडतो. आट्यांना तेल लावले तर तोच जोर फाजील ताण देतो. न्यूयॉर्कच्या पाणीखात्यातल्या कॉनरॅड बाहर यांना नळांचे बोल्ट असेच जास्त आवळले जात असल्याचे दिसले आणि १९१८ च्या सुमारास त्यांनी जोर मोजणारा पाना बनवला. तोच आजचा टॉर्क पाना.

आपल्याकडे आणखी एक घोळ होता. व्हिटवर्थच्या पान्यावर बोल्टच्या जाडीचा आकडा असे. अँबॅसडरच्या पान्यावर नटाच्या रुंदीचा, तोही इंचांत. आणि फियाटला मिलिमीटरचे पाने लागत. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली, तरी मिस्त्रीच्या पेटीत तिन्ही घराणी गुण्यागोविंदाने नांदत राहिली. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ मिलिमीटरचा पाना लागतो खरा, पण तीन दशांश मिलिमीटरची ती फट नटाचे कोपरे खाऊन टाकते.

आता मी आट्यांवरची धूळ पुसतो, पण तेल लावीत नाही. नट आधी हाताने फिरवतो, मग समोरासमोरचे पाळीपाळीने आवळतो. शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर, आणि गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच. बऱ्याच लहान मोटारींना तो ८० ते ११० न्यूटन-मीटर असतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाशी वीसएक किलोंचा भार. मी उभा राहिलो होतो तो सत्तर किलोंचा! पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासतो.

‘अति तेथे माती’ हे आपल्या आजीला ठाऊक होते. पोलादाने तेच मला आर्णीच्या रस्त्यावर शिकवले. यंदाही भाऊबिजेला त्याच रस्त्याने जायचे आहे. पाना उशाशी आहे. त्यावर उभे राहण्याची हौस मात्र फिटली आहे.