मते भरपूर, जागा शून्य : मतदानाच्या दोन पद्धती

भारतात लोकसभा आणि राज्यसभेची निवडणूक वेगवेगळ्या पद्धतीने होते.

लोकसभेला मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार जिंकतो. निम्म्याहून जास्त मतांची अट नसते. मतदान आणि मोजणी सोपी, शिवाय आपला खासदार कोण हे मतदाराला नेमके ठाऊक असते. मात्र हरलेल्या उमेदवारांच्या मतांना जागांच्या हिशेबात स्थान नसते. २०१४ मध्ये भाजपला सुमारे ३१ टक्के मतांवर २८२ जागा मिळाल्या. मतांमध्ये देशात तिसऱ्या क्रमांकावर असलेल्या बसपला सुमारे ४ टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही.

राज्यसभेसाठी आमदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. विजयी उमेदवाराची कोट्यापेक्षा जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे जातात, म्हणून मते कमी वाया जातात आणि लहान गटांनाही संधी मिळते. पण मोजणी किचकट असते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात सहाव्या जागेसाठी पहिल्या पसंतीच्या मतांत संजय पवार पुढे होते, तरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर धनंजय महाडिक निवडून आले.

हीच पद्धत लोकसभेला लावायची तर एका मतदारसंघातून अनेक खासदार निवडावे लागतील. मग आधीच मोठे असलेले मतदारसंघ आणखी मोठे होतील.