वारस कोण ठरवतो? रामटेकचा गड, नागपूरकर भोसले आणि डलहौसीचे स्वतःचे कुळ

१/ डिसेंबर १८५३. नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले. राजवाड्यातील स्त्रियांनी आप्तांपैकी एक मुलगा वारस म्हणून पुढे केला. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने तो मानला नाही आणि १८५४ च्या आरंभी राज्य खालसा केले. इतके आपण शाळेत शिकतो. पण डलहौसी स्वतः एका स्कॉटिश कुळाचा प्रमुख होता, आणि पुढे सात वर्षांनी तोही पुत्राविना मरण पावला. मग त्याच्या कुळाचे काय झाले? आजचा धागा याच प्रश्नाचा.

२/ सुरुवात रामटेकपासून करू, कारण ‘कुळ कोणाचे आणि ते सांगायचे कोणी’ हा प्रश्न या परिसरात सोळाशे वर्षे जुना आहे. रामटेकच्या पायथ्यापासून थोड्या अंतरावरचे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. येथे दुसऱ्या रुद्रसेनाच्या मृत्यूनंतर त्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने अल्पवयीन पुत्रांच्या वतीने राज्य चालवले. ती सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या.

३/ तिचे दोन ताम्रपट प्रसिद्ध आहेत. एक नंदिवर्धनाहून दिलेला. दुसरा, रिद्धपूरचा, रामगिरिस्वामीच्या चरणांपासून दिलेला. रामगिरी म्हणजे आपले रामटेक. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. विवाहानंतर स्त्रीने पतीचे गोत्र सांगावे, ही रूढी. प्रभावतीने मात्र माहेरचे ‘धारण’ गोत्र सांगितले, आणि पुण्यात मिळालेल्या पहिल्या ताम्रपटात तर वंशावळही गुप्तांची दिली. कुळ रक्ताने मिळते. पण त्याचा लेख कोणीतरी लिहावा लागतो. ज्याच्या हाती लेखणी, त्याची वंशावळ.

४/ आता तेराशे वर्षे पुढे येऊ. अठराव्या शतकात हा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा होता. बख्त बुलंदाने नागपूर वसवले, चांद सुलतानाने ते राजधानी केले. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला आणि वारसाहक्काचा तंटा पेटला. राणी रतनकुंवरने मदतीस बोलावले ते रघुजी भोसल्यांना. हे घराणे हिंगणीकर भोसल्यांचे. छत्रपती शाहूंकडून त्यांना ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब होता.

५/ मदतीस आलेले रघुजी १७४३ नंतर सत्ताधीश झाले. पण त्यांनी गोंड राजा बुऱ्हाणशहास हटवले नाही; नावाचे राजेपण आणि उत्पन्नाचा वाटा त्याच्याकडे ठेवला. नव्या सत्तेलाही जुन्या कुळाची मान्यता हवी होती. याच काळात रघुजींनी रामटेकच्या गडमंदिराचा जीर्णोद्धार केला. आज आपण वराह, सिंगपूर, भैरव आणि गोकुळ असे दरवाजे ओलांडत वर जातो. वाटेत वाकाटककालीन वराह भेटतो, लक्ष्मण मंदिरात यादवकालीन शिलालेख आहे आणि तटबंदीवर भोसल्यांची छाप. एका टेकडीवर तीन राजकुळे नांदतात. एकानेही आधीच्याची खूण पुसली नाही.

६/ १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब भोसले हरले आणि पुढे पदच्युत झाले. इंग्रजांना गादीवर कोणी तरी हवे होते. १८१८ मध्ये त्यांनी कोणाला बसवले? दुसऱ्या रघुजींच्या मुलीच्या मुलाला. बाजीबा गुजर हे त्याचे मूळ नाव. दत्तक घेऊन तो ‘तिसरा रघुजी’ झाला. तेव्हा दत्तकाला हरकत नव्हती. राजा अल्पवयीन होता, दुसऱ्या रघुजींच्या विधवा बाकाबाई राजवाड्याचा कारभार पाहत होत्या, आणि राज्याची खरी सूत्रे रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती होती.

७/ पस्तीस वर्षांनी तोच दत्तक राजा वारला. अहिरराव घराण्यातील यशवंतराव हा मुलगा पुढे करण्यात आला. पुढे तो जानोजी भोसले म्हणून ओळखला गेला. डलहौसीचा युक्तिवाद असा: १८१८ मध्ये हे राज्य आम्हीच नव्याने दिले, म्हणून औरस वारस नसता ते आमच्याकडे परत येते. त्याच्या टिपणात आणखी एक कारण स्पष्ट नोंदवलेले आहे: कापूस. या प्रदेशाचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना हवा होता. धर्मशास्त्र, राजनीती आणि बाजारभाव या तिघांत अखेर बाजारभाव जिंकला. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात गेले.

८/ बाकाबाईंनी १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठण्यास नकार दिला. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी काळी मारबत ही बाकाबाईंचेच प्रतीक, अशी लोकसमजूत आहे. जे घराणे टिकवण्यासाठी ही वृद्ध स्त्री झटली, त्याच घराण्याची वैरीण म्हणून लोकस्मृतीने तिला जाळले. प्रभावतीने आपला लेख स्वतः लिहिला होता. बाकाबाईंचा लेख इतरांनी लिहिला. पुढे इंग्रजांनी जानोजींचे दत्तकपण मान्य केले, ‘देऊरचे राजाबहादूर’ ही उपाधी व साताऱ्याकडील देऊर गाव दिले. राज्य मात्र परत आले नाही.

९/ आता स्कॉटलंडकडे वळू. ‘क्लॅन’ हा शब्द गेलिक भाषेतला. मूळ अर्थ ‘मुले, संतती’. एक प्रमुख, त्याचे आप्त, आणि त्याचे नाव लावून त्याच्या आश्रयाने राहणारी माणसे, मिळून क्लॅन. आपल्या ‘कुळी’शी याचे बरेच साम्य आहे. डलहौसी हे मूळ स्थळनाव. त्याचे खरे नाव जेम्स रॅम्से. तो डलहौसीचा दहावा अर्ल आणि रॅम्से कुळाचा प्रमुख होता. हिंदुस्थानातील कामगिरीबद्दल त्याला ‘मार्क्विस’ ही वरची उपाधी मिळाली.

१०/ १८६० मध्ये तो वारला. मागे दोन मुली, पुत्र नाही. मार्क्विस ही उपाधी तेथेच संपली. अर्लपद मात्र चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेले. या फॉक्सच्या वडिलांनी नात्यातील पॅनम्यूर घराण्याची इस्टेट मिळाली म्हणून ‘रॅम्से’ सोडून ‘मॉल’ हे आडनाव घेतले होते. अर्ल झाल्यावर फॉक्सने ‘मॉल-रॅम्से’ केले. १८७४ मध्ये तोही निःसंतान वारला. पद आणखी एका चुलत शाखेकडे गेले. कुळ खालसा झाले नाही.

११/ उपाधी आणि राज्य एक नव्हे, हे खरे. अर्लपदासोबत लाखो प्रजेचे भवितव्य बांधलेले नव्हते. पण तत्त्व पाहा: स्वतःच्या घरात नात्याच्या लांब धाग्यानेही वारसा चालतो, आडनाव बदलले तरी चालतो; जिंकलेल्या मुलखात मात्र शास्त्रोक्त दत्तकही चालत नाही. नियम वेगळा नव्हता, नियम लावणारा वेगळा होता.

१२/ स्कॉटिश कुळांनीही हा अनुभव घेतला होता. १६०३ मध्ये मॅकग्रेगर हे नाव लावण्यावरच राजाज्ञेने बंदी आली. ती कायमची उठली १७७४ मध्ये. १७४६ च्या कलोडेनच्या पराभवानंतर हायलँडच्या पोशाखावर बंदी आली आणि कुळप्रमुखांचे न्यायदानाचे वंशपरंपरागत अधिकार गेले. मग १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला, वॉल्टर स्कॉटने सोहळा रचला, आणि बंदी घातलेला तोच पोशाख दरबारी झाला. त्याच वर्षी मॅकग्रेगरांनी आपली क्लॅन सोसायटी स्थापली. सत्ता गेल्यावर कुळाने संस्थेचे रूप घेतले.

१३/ आज अशा सोसायट्या अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियातही आहेत. त्या वंशावळी जुळवतात, मेळावे भरवतात, जुन्या थडग्यांची निगा राखतात. कुळप्रमुख कोण, हे ‘लॉर्ड लायन’ हा अधिकारी ठरवतो. प्रमुखच उरला नसेल, तर कुळातील माणसे एकत्र जमून एकास नेता निवडतात आणि लॉर्ड लायन त्यास मान्यता देतो. आप्तांनी निवडावे, सत्तेने मानावे! १८५३ मध्ये नागपूरच्या राण्यांनी याहून निराळे काय मागितले होते?

१४/ एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या एका लिलावात रघुजी भोसल्यांची तलवार आली. पाते युरोपीय बनावटीचे आणि त्यावर देवनागरीत रघुजींचे नाव. महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली. ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. एका कुळाची वस्तू आता साऱ्या समाजाची ठेव झाली. ही गोष्ट आनंदाची; पण आपली वस्तू आपल्याला विकत घ्यावी लागली, हेही लक्षात असू द्या.

१५/ आपल्याकडेही कुलवृत्तांत छापले गेले, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नावे आहेत. पण बहुतेक कुलवृत्तांत लेखणी हाती असलेल्या घरांचे, आणि वंशवृक्षाच्या फांद्या पुरुषांच्या. म्हणून मित्रहो, एक विनंती. घरातील वडीलधाऱ्यांना बसवा आणि पाच पिढ्यांची नावे लिहून काढा; लेकी-सुनांची, दत्तकांची, आजोळचीही. राजाचा वारस सत्ता ठरवते. आपल्या कुळाचा लेख तरी आपण दुसऱ्यावर सोपवू नये.

धागा समाप्त. पुढच्या वेळी गडावर जाल तेव्हा वराहापाशी क्षणभर थांबा. तो प्रभावतीच्या कुळाने ठेवला, आणि नंतर आलेल्या प्रत्येकाने जपला.