तारणाला काय आहे?

१९७८ सालची गोष्ट. माझे दाजी महानगरपालिकेच्या सफाई खात्यात कायम नोकरीला होते. चेंबूरच्या एका वस्तीत त्यांचे पत्र्याचे घर होते. पावसाळ्यात पाणी थेट चुलीपर्यंत यायचे, म्हणून विटांच्या भिंती घालायचे ठरले आणि कर्जासाठी आम्ही दोघे एका बँकेत गेलो. मी शाळामास्तर, म्हणून बोलायला मला नेलेले. पगाराची चिठ्ठी होती, जामीन मी राहणार होतो. समोरच्या साहेबांनी कागद वाचले आणि विचारले, "तारणाला काय आहे?" दाजींनी खिशातून फोटोपास काढून टेबलावर ठेवला. "हा तुम्ही तिथे राहता याचा पुरावा झाला," साहेब म्हणाले, "जागा तुमची आहे याचा नव्हे."

तो माणूस उद्धट नव्हता. तो नियम सांगत होता. पण हा नियम कोणत्या इतिहासावर उभा आहे, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला. मुंबईच्या घरबांधणीचा इतिहास लिहिणारे इमारती मोजतात, गाळे मोजतात. मला वाटते, कागद मोजले पाहिजेत. कुणाला कोणता कागद मिळाला आणि त्या कागदावर सावकाराच्या दारी किती पत होती, हे पाहिले म्हणजे या शहरात आपण शंभर वर्षे राहूनही उपरे का राहिलो ते कळते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, आणि सुरुवातीच्या काळात जितक्यांना घरे दिली त्याहून अधिक लोकांना घराबाहेर काढले. याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला जमिनी आखून भूखंड पाडले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले. भाडेपट्टा हा गहाण ठेवता येणारा कागद आहे. ज्याच्या हाती तो पडला त्याला कर्ज मिळाले, कर्जातून घर झाले, आणि ते घर पुढच्या पिढीच्या कर्जाला तारण झाले.

एकट्याची ऐपत नसेल तर अनेकांनी मिळून पत उभी करावी, हा सहकाराचा विचार. तो चांगलाच आहे. पण मुंबईतली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली गावदेवीला निघाली ती सारस्वतांची. रावबहादूर तालमकी यांच्यासारख्यांनी त्यासाठी खस्ता खाल्ल्या हे मी नाकारत नाही. मात्र पतीची पहिली वीट जातीची होती हेही नाकारता येत नाही. ज्यांच्यापाशी शिक्षण, पगार आणि ओळखी होत्या ते जातीने एकत्र आले आणि जातच जामीन राहिली. आणि हे जुने झाले असे कुणी म्हणू नये. अहमदाबादच्या एका पारशी संस्थेच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व आपल्याच समाजापुरते ठेवणारा पोटनियम वैध ठरवला आहे.

त्याच ट्रस्टने गरिबांसाठी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत दोन खोल्या घेऊन बाबासाहेब सुमारे दोन दशके राहिले. १९१७ साली बडोद्याला परदेशी विद्येचा हा माणूस भाड्याची जागा शोधत फिरला होता आणि पारशी वसतिगृहातून त्याला अकराव्या दिवशी सामानासह बाहेर काढले होते, हे आपण सर्व जाणतो. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले. परळची चाळ आणि हिंदू कॉलनीची आखणी, दोन्ही एकाच ट्रस्टच्या! मधले अंतर पायी पाऊण तासाचे. पण चाळीतल्या भाडेकरूच्या हाती भाड्याची पावती होती आणि कॉलनीतल्या भूखंडधारकाच्या हाती पट्टा.

माझा जन्म नायगावच्या बी. डी. डी. चाळीतला. १९२० साली गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. सरकारने लोकांकडून कर्ज उभारले, कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात झाल्या त्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. भाडे कामगाराला परवडेना, काँक्रीटच्या त्या कोंदट खोल्या त्याला नकोशा वाटत, म्हणून कित्येक वर्षे पुष्कळ खोल्या रिकाम्या होत्या. सरकारला भाडे उतरवावे लागले आणि त्या भाड्यातून कर्जाचे व्याजही धड निघाले नाही, हे मान्य केले पाहिजे. तरीही कामगाराच्या नावाने काढलेल्या त्या प्रचंड कर्जातून कामगाराच्या नावावर काय झाले? आमच्या वडिलांनी भाड्याच्या पावत्या तारेला ओवून ठेवल्या होत्या. ती तार गहाण कोण घेणार?

वडील गिरणीत रिंगखात्यात होते. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ होतो म्हणून आपल्या माणसांना ते खाते बंद होते. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. घराच्या इतिहासात गिरणीचे खाते कुठून आले, असे कुणी विचारील. पुढची हकिगत वाचा.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने युद्धोत्तर पुनर्रचना योजनेतील २१९ क्रमांकाची योजना राबवली. मागासवर्गीयांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढावी, सरकारने जमिनीसाठी मदत द्यावी, बांधकामाला कर्जाची सोय व्हावी. आपल्या वाट्याला आलेला हा पहिला खरा कागद! १९६१ च्या सुमारास वडिलांनी आणि चाळीतल्या एकवीस जणांनी अशी संस्था काढली. आमच्या खोलीत रात्री सभा होत. आई सगळ्यांसाठी काळा चहा करी. वहीत ठराव मी लिहीत असे, कारण माझे अक्षर बरे होते. उपनगरातली जागाही पाहून झाली. रविवारी सगळे बायकामुलांसह ती बघायला गेले आणि वडिलांनी चिखलात काठीने आमच्या खोलीची रेघ मारून दाखवली.

मग अटी सुरू झाल्या. भागभांडवल आधी भरा. सभासदाचा स्वतःचा हिस्सा आधी दाखवा. नकाशाची, नोंदणीची फी भरा. एका सहीसाठी चार खेपा, आणि प्रत्येक खेपेला एक खाडा. आईचे चांदीचे गोठ गेले. कर्ज गरिबासाठी होते, पण कर्जाच्या दारापर्यंत पोचायला जी रक्कम लागत होती ती विणखात्यातल्या पगाराला कदाचित जमली असती, रिंगखात्यातल्या पगाराला जमेना. पाच वर्षांत बावीसपैकी सोळा जण गळाले. त्यांच्या जागी ज्यांच्याकडे पैसे होते ते आले. त्यात आपलेच थोडे अधिकारी होते, थोडे नावापुरते मागासवर्गीय होते. वडील भागाचे पैसे परत घेऊन बाहेर पडले. इमारत झाली, ती पाडून आता तिथे अकरा मजल्यांचा टॉवरही झाला आहे. या योजनेतल्या अनेक संस्था नीट उभ्या राहिल्या आणि त्यांतून आपल्या कितीतरी मुलांना अभ्यासाला कोपरा मिळाला, हेही सांगितले पाहिजे. पण ज्याला घराची सर्वांत जास्त गरज होती तोच त्या वहीतून आधी गळाला, हे मी माझ्याच अक्षरात वाचतो.

झोपडपट्टीतल्यांचे तर विचारूच नका. १९७१ साली झोपडपट्टी कायदा आला, ४ जानेवारी १९७६ रोजी गणना होऊन फोटोपास वाटले गेले. त्याच वर्षी १७ मे रोजी तुर्भ्याजवळची जनता कॉलनी उठवून हजारो कुटुंबे चिता कॅम्पात नेऊन टाकली. तीही वस्ती सरकारनेच पूर्वी वसवलेली! ज्या घरावर उद्या बुलडोझर येईल त्याला कर्ज देऊ नये, हे बँकेचे शहाणपणच म्हणायचे.

१९८५ मध्ये जागतिक बँकेच्या पैशाने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. त्यात प्रथमच वस्तीच्या संस्थेला जमिनीचा तीस वर्षांचा पट्टा आणि घर सुधारायला कर्ज, असा विचार आला. जागतिक बँकेविषयी माझे मत चांगले नाही, पण दाजींच्या प्रश्नाला नेमके उत्तर या एकाच योजनेत होते. ती सरकारी आणि पालिकेच्या जमिनींपुरती राहिली आणि उद्दिष्टाच्या फार मागे पडून १९९४ च्या सुमारास संपली.

१९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले. घर मोफत. कर्ज नाही, हप्ता नाही, तारणही नाही. आम्ही हुरळलो. पण व्यवहार पाहा. बिल्डरला योजना मंजूर करून घ्यायला सत्तर टक्के रहिवाशांची संमती लागे. पुढे २०१८ साली ती निम्म्याहून किंचित अधिक, एक्कावन्न टक्क्यांवर आणली. ती संमती गोळा झाली, मंजुरीपत्र मिळाले, की त्या पत्राच्या बळावर बिल्डर बाजारातून पैसा उचलतो. म्हणजे जी वस्ती तिच्या रहिवाशाला हजार रुपयांना तारण नव्हती, तीच त्याच्या अंगठ्यासकट बिल्डरला कोट्यवधींना तारण झाली! दाजींच्या वस्तीची योजना दोन बिल्डरांनी अर्धवट सोडली. संक्रमण शिबिरातच ते वारले.

बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्याही मालकी हक्काने. १९७४ च्या जानेवारीत याच वरळीच्या चाळींत दंगल पेटली होती, आणि पाच दिवसांनी परळच्या मोर्चात भागवत जाधव दगडाने मारला गेला. त्या चाळींतल्या माणसाच्या नावावर घर होते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. चाळीसमजली इमारतीच्या लिफ्टचा आणि देखभालीचा खर्च निवृत्त माणसाच्या पेन्शनमधून कसा निघणार, आणि तो न निघाल्यास ते घर किती वर्षे त्याच्याकडे राहणार, हे मात्र मी तिथल्या मित्रांना विचारत असतो.

वडिलांच्या संस्थेची ठरावाची वही माझ्याजवळ आहे. २१९ क्रमांकाच्या योजनेतल्या संस्थांच्या अशा वह्या, पहिल्या सभासदांच्या याद्या, भागाच्या पावत्या ज्यांच्या घरी असतील त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. पहिल्या यादीतली नावे आणि आजच्या यादीतली नावे शेजारी शेजारी लिहून काढायचे काम मी सुरू केले आहे. आतापर्यंत माझ्या हाती चारच संस्थांच्या याद्या आल्या आहेत.