अर्जनवीस ते विधिसहायक : न्यायालय आणि सामान्य पक्षकार यांच्यामधील दुव्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

आधुनिक भारतातील कायद्याचा इतिहास अभ्यासताना संहिता, न्यायालये, न्यायाधीश आणि नामांकित वकील यांच्यावर भर दिला जातो. पक्षकाराला न्यायालयाच्या पायरीपर्यंत आणणारा, त्याचा अर्ज लिहून देणारा आणि हातात पडलेल्या समन्सचा अर्थ त्याला समजावून सांगणारा मनुष्य मात्र या इतिहासात क्वचितच दिसतो. वास्तविक बहुसंख्य लोकांच्या दृष्टीने कायदा म्हणजे प्रथम हाच मनुष्य होय. प्रस्तुत लेखात एकोणिसाव्या शतकापासून आजपर्यंत या मध्यस्थाचे स्वरूप कसे बदलत गेले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. अभ्यासाचे मुख्य क्षेत्र मुंबई इलाखा व नंतरचे महाराष्ट्र राज्य हे आहे. तथापि, मुखत्यार या संस्थेचा विस्तार प्रामुख्याने बंगाल व बिहारमध्ये झाल्यामुळे तेथील एका प्रसंगाचाही विचार केला आहे.

‘पॅरालीगल’ या शब्दाला मराठीत अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही. शासकीय व्यवहारात ‘विधी स्वयंसेवक’ असा शब्द आढळतो. या लेखात ‘विधिसहायक’ हा शब्द अधिक व्यापक अर्थाने योजला आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात ही संज्ञा रूढ झाली तेव्हा तिचा अर्थ वकिलाच्या देखरेखीखाली, वकिलाच्या कचेरीत काम करणारा प्रशिक्षित सहायक असा होता. आपल्याकडे मात्र वकिलाच्या कचेरीपेक्षा गाव, वस्ती, तुरुंग आणि पोलीस ठाणे हे त्याचे कार्यक्षेत्र मानले गेले. हा फरक केवळ शब्दाचा नाही. अमेरिकेतील सहायक वकिलाचे काम हलके करतो, तर आपल्याकडील सहायकाने पक्षकाराचे भय हलके करावे अशी अपेक्षा असते. असे काम करणारे लोक आपल्याकडे या संज्ञेच्या कितीतरी आधीपासून होते. ते कोणाच्या नेमणुकीने आणि कोणाच्या पैशावर काम करीत होते, हा या इतिहासातील कळीचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लेखी कायदा आणि निरक्षर पक्षकार

मराठेशाहीत ‘वकील’ हा शब्द प्रामुख्याने परदरबारी राहणाऱ्या प्रतिनिधीसाठी वापरला जात असे. गावातील वाद गोतसभेपुढे, पंचांपुढे येत. वादी-प्रतिवादी स्वतः बोलत व त्यांची तकरीर लिहून घेतली जाई. ही व्यवस्था आदर्श होती असे मानण्याचे कारण नाही, कारण जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती. परंतु स्वतःचे म्हणणे मांडण्यासाठी तिसऱ्या माणसाची गरज त्या व्यवस्थेत तुलनेने कमी होती. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने मुंबई इलाख्यात न्यायालयांची रचना निश्चित केली, सनदधारक वकिलांची व्यवस्था बसविली आणि दाव्याचे कामकाज लेखी कागदांभोवती फिरू लागले. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने व त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने ही प्रक्रिया अधिक काटेकोर केली.

मुदतीच्या कायद्याचा परिणाम येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यावरील दाव्याला तीन वर्षांची मुदत ठरली. ऋणकोचे हित व्हावे, जुनीपुराणी कर्जे उकरून काढली जाऊ नयेत, हा त्यामागील हेतू होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांच्या आत मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र करून नवा रोखा लिहून घेऊ लागला. प्रत्येक नव्या रोख्याबरोबर कर्ज वाढत गेले आणि प्रत्येक रोख्यावर निशाणी करणाऱ्या कुणब्याला त्यातील मजकूर वाचता येत नव्हता. रोखा लिहिणारा बहुधा सावकाराचाच गुमास्ता अथवा त्याच्या मर्जीतील लेखक असे. पुढे दावा दाखल झाला म्हणजे समन्स येई. त्याचा अर्थ न कळल्यामुळे, प्रवासाचा खर्च न परवडल्यामुळे किंवा जाऊन उपयोग नाही अशा समजुतीने शेतकरी हजर राहत नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जो उठाव झाला व नंतर पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला, त्याचे वैशिष्ट्य सर्वज्ञात आहे. लोकांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. रोखे, गहाणखते आणि हुकूमनामे ताब्यात घेऊन जाळणे हा मुख्य उद्देश होता व जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे बहुधा पुढील हिंसा झाली नाही. या घटनेकडे कर्जबाजारीपणाच्या दृष्टीने पुष्कळ लिहिले गेले आहे. कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीने पाहता, ज्या कागदाचे वाचन व लेखन सर्वस्वी दुसऱ्या पक्षाच्या हाती होते, त्या कागदाविरुद्धचा हा उठाव होता. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कुळकर्णी, कारकून व कचेऱ्यांतील लेखणीबहाद्दरांवर जो रोष व्यक्त केला आहे, तोही याच अनुभवाचा होता.

१८७९ चा कायदा

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास देणे आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करण्याची पद्धत बंद करणे या त्यातील तरतुदी पाठ्यपुस्तकांतून सांगितल्या जातात. आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या तरतुदी मात्र सहसा दुर्लक्षित राहतात.

शेतकरी ज्यात पक्षकार आहे असा दस्तऐवज सरकारने नेमलेल्या ग्रामनिबंधकाने अथवा त्याच्या देखरेखीखाली लिहिलेला असला पाहिजे, असे या कायद्याने ठरविले. दस्त मोठ्याने वाचून दाखवावा व मगच त्यावर निशाणी घ्यावी, असा नियम होता. शेतकऱ्याला पैसे भरल्याची लेखी पावती, वार्षिक हिशेब आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्क मिळाला. दावा दाखल करण्यापूर्वी समेटकाराकडे, म्हणजे तडजोड घडवून आणण्यासाठी नेमलेल्या स्थानिक प्रतिष्ठित गृहस्थाकडे, जाणे आवश्यक ठरले. समेट न झाल्यास त्याचा दाखला घेऊनच न्यायालयात जाता येई. समेटकारापुढे, गावमुन्सफापुढे आणि शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील व मुखत्यार यांना सामान्यतः मज्जाव होता. याउलट, मोठ्या दाव्यात समोरच्या पक्षाने वकील दिला असून शेतकऱ्याला तशी ऐपत नाही असे न्यायाधीशास वाटल्यास, शेतकऱ्याच्या संमतीने सरकारी वकिलास किंवा अन्य योग्य व्यक्तीस त्याच्या बाजूने उभे राहण्यास सांगता येई. मोफत विधी साहाय्याची कल्पना विसाव्या शतकात पश्चिमेकडून आली असे सरसकट विधान करणाऱ्यांनी ही तरतूद अवश्य पाहावी.

थोडक्यात, सावकाराच्या लेखकाला बाजूला सारून त्या जागी सरकारी लेखक बसविण्याचा हा प्रयत्न होता. तो कितपत यशस्वी झाला? रोख्यांच्या लेखनातील उघड लबाडीला काही प्रमाणात आळा बसला असावा. पण अनेक ठिकाणी समेट हा केवळ दाखला मिळविण्याचा टप्पा ठरला आणि पुढे ती तरतूद काढून टाकण्यात आली. शिवाय ग्रामनिबंधकाने दस्त वाचून दाखविला तरी त्यातील अटी मान्य कराव्यात की नाही, याविषयी शेतकऱ्याला सल्ला देणे हे त्याचे काम नव्हते. मजकूर कळला, पण पर्याय नव्हता. या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून न्या. महादेव गोविंद रानडे यांनी काही वर्षे काम केले, ही गोष्ट त्यांच्या अर्थविषयक लेखनाचा अभ्यास करताना विसरता कामा नये.

मुखत्यार, दलाल आणि चंपारण

एक योगायोग असा की, १८७९ चा सतरावा अधिनियम दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी होता, तर लगेचचा अठरावा अधिनियम विधिव्यावसायिकांसाठी होता. या दुसऱ्या कायद्याने वकिलांबरोबर मुखत्यार आणि महसुली प्रतिनिधी यांचेही नियमन केले. मुखत्यार हा वकिलापेक्षा खालच्या दर्जाचा, कमी फी घेणारा आणि पक्षकाराच्या अधिक जवळचा व्यावसायिक होता. त्याच्याही खाली, सनद नसलेला दलाल होता. पक्षकार गाठून वकिलाकडे नेणे आणि त्याबद्दल पैसे घेणे हा त्याचा धंदा. १८९६ च्या दुरुस्तीने अशा दलालांच्या याद्या न्यायालयांत लावण्याची तरतूद केली. या याद्यांमधील सर्वच लोक लबाड होते का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ज्याला न्यायालयाचे दारही ठाऊक नाही अशा माणसाला ते दार दाखविणारा दुसरा कोण होता? नेमणूक आणि उत्तरदायित्व नसले म्हणजे गरजेच्या कामाचीही दलाली होते, एवढे मात्र निश्चित.

१९१७ मध्ये चंपारण येथे एक वेगळाच प्रयोग झाला. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध रयतेच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी गांधीजी तेथे गेले, तेव्हा ब्रजकिशोर प्रसाद, राजेंद्र प्रसाद, धरणीधर प्रसाद आदी वकील त्यांच्या मदतीस आले. आपल्याला त्यांच्या कायदेज्ञानाची फारशी गरज नसून लेखनिक आणि दुभाषे हवे आहेत, असे गांधीजींनी त्यांना स्पष्टपणे सांगितले. नावाजलेल्या वकिलांनी हजारो रयतांच्या जबान्या उलटतपासणी करून, ताडून पाहून लिहून घेतल्या. या जबान्यांच्या बळावर गांधीजी सरकारी चौकशी समितीत रयतेची बाजू मांडू शकले आणि १९१८ मध्ये चंपारण शेतीविषयक कायदा झाला. वकिलांनी स्वखुशीने विधिसहायकाचे काम पत्करल्याचे हे उदाहरण आहे. लेखणी तीच होती, पण तिची मजुरी मळेवाला किंवा सावकार देत नव्हता.

स्त्रियांच्या संदर्भात कॉर्नेलिया सोराबजी यांचा उल्लेख आवश्यक आहे. नाशिक येथे १८६६ मध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या सोराबजींनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा दिली. तरीही स्त्री असल्यामुळे त्यांना वकिलीचा अधिकार मिळेना. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली आणि पडद्यातील जमीनदार स्त्रियांचे म्हणणे सरकारपर्यंत पोहोचविण्याचे काम त्यांनी सुमारे दोन दशके केले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचे दार उघडले. तोपर्यंतचे त्यांचे कार्य हे सनदेविना केलेले विधिसाहाय्यच होते.

स्वातंत्र्योत्तर काळ

मुंबई सरकारने १९४९ मध्ये न्या. नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखाली विधी साहाय्यविषयक समिती नेमली. त्यांचेच चिरंजीव न्या. पी. एन. भगवती यांनी पुढे गुजरातमध्ये व देशपातळीवर हा विषय लावून धरला. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने वकिलीचा एकच वर्ग निर्माण केला. मुखत्यारांचा वर्ग त्यामुळे कालबाह्य झाला, पण त्याने भरून काढलेली पोकळी कोण भरणार याचे उत्तर त्या कायद्यात नव्हते. न्या. कृष्ण अय्यर यांच्या समितीचा १९७३ चा अहवाल, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये समाविष्ट झालेला अनुच्छेद ३९-क आणि त्यानंतरचे सर्वोच्च न्यायालयाचे निर्णय यांनी हा प्रश्न पुन्हा पुढे आणला.

त्यांपैकी हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) हा निर्णय बोलका आहे. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंगात आपल्याला मिळालीच नाही, असे कैद्याचे म्हणणे होते आणि अपिलास चार वर्षांहून अधिक विलंब झाला होता. प्रत कैद्याला विनामूल्य द्यावी व ती पोहोचल्याची त्याची लेखी पोच घ्यावी, तसेच गरजू कैद्यास वकील पुरवावा, असे न्यायालयाने सांगितले. न्यायाचा प्रश्न येथेही एका कागदाच्या पोहोचण्यावर अडला होता.

१९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्यानुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती इत्यादींना उत्पन्नाचा विचार न करता मोफत विधी सेवा मिळू शकते. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, अंगणवाडी सेविका, विद्यार्थी, इतकेच नव्हे तर दीर्घ शिक्षा भोगणारे सुशिक्षित कैदीही यासाठी निवडले जाऊ शकतात. त्यांना न्यायालयात बाजू मांडता येत नाही. लोकांना हक्कांची माहिती देणे, अर्ज लिहिण्यास मदत करणे, विधी सेवा केंद्रात बसणे आणि गरजूला प्राधिकरणापर्यंत नेणे हे त्यांचे काम. हरवलेल्या बालकांच्या प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतही असे स्वयंसेवक असावेत असा निर्देश दिला.

१८७९ चा ग्रामनिबंधक आणि २००९ चा स्वयंसेवक या दोघांचीही नेमणूक शासनव्यवस्थेने केली. मात्र पहिल्याला दस्त वाचून दाखविण्यापुरते काम होते, तर दुसऱ्याने पक्षकाराच्या बाजूने विचार करावा अशी अपेक्षा आहे. त्याला मिळणारे मानधन कामाच्या दिवसांपुरते असते. तो वर्षभर टिकावा, अनुभवाने तयार व्हावा आणि तरीही पुन्हा दलाल होऊ नये, हे केवळ सेवाभावावर सोडून देणे प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. शासन स्वतःच प्रतिवादी असलेल्या प्रकरणांत, उदाहरणार्थ भूसंपादनात किंवा पोलीस ठाण्यात, या स्वयंसेवकाची कसोटी लागते.

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात विधी साक्षरतेचे व्याख्यान ठेवले होते. व्याख्यान संपल्यावर एक वृद्ध बाई पुढे आल्या व पिशवीतून घडी घातलेला कागद काढून म्हणाल्या, “सर, यात तारीख कंची लिहिलीय, तेवढं सांगा.” ते दिवाणी न्यायालयाचे समन्स होते व तारीख उलटून गेली होती. उपस्थित विधी स्वयंसेवकाने तालुक्याच्या न्यायालयात चौकशी केली, तेव्हा आठ दिवसांपूर्वी एकतर्फी हुकूमनामा झाल्याचे समजले. तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज करण्याची मुदत ३० दिवसांची असते. स्वयंसेवकाने बाईंना तालुका विधी सेवा समितीकडे नेले, त्यांच्या अर्जावर अंगठा घेण्यापूर्वी तो दोनदा वाचून दाखविला आणि समितीने दिलेल्या वकिलांनी मुदतीत अर्ज दाखल केला.