शिल्लक काडतुसं

मे महिन्यात गावी गेलो होतो, गुहागरकडे. आंबे, फणस, दुपारची झोप हे सगळं यथासांग झालं. पण यावेळी घरात एक वेगळाच विषय चालू होता. काकांनी बंदुकीचा परवाना परत करायचं ठरवलं होतं. वय ८२, डोळ्यांची दोन ऑपरेशनं झालेली, आणि आम्हा भावंडांपैकी कुणालाच बंदूक नको. पंचक्रोशीतला एक परवानाधारक बागायतदार ती घ्यायला तयार झाला, त्यामुळे बंदुकीचा प्रश्न मिटला. अडलं ते काडतुसांपाशी.

आजोबांचा डालड्याचा जुना डबा काकांनी कपाटातून काढला. आत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली ३८ काडतुसं. २४ खडकीच्या कारखान्यातली, प्लॅस्टिकच्या नळीची. उरलेली १४ एली-कायनॉकची, बर्मिंगहॅमहून आलेली. नळी कागदाची, बूड पितळेचं. कोकणातल्या इतक्या पावसाळ्यांनी कागद फुगलेला. अशी काडतुसं नळीत अडकतात, म्हणून ती वापरायचा प्रश्नच नव्हता.

विकायची म्हटली तरी सोपं नाही. आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवायचं, मग ४५ दिवस थांबायचं, आणि घेणाराही परवानाधारकच हवा. त्याच्या परवान्यावर जेवढा आकडा लिहिलेला असेल तेवढीच त्याने घ्यायची. या ४५ दिवसांत आमच्या घरात जी चर्चा झाली ती विचारू नका!

आत्या म्हणाली, "अण्णांच्या हातची वस्तू आहे, देऊ नका." चुलतभावाला एक तरी काडतूस काचेच्या कपाटात ठेवायचं होतं. काका एवढंच म्हणाले, "अरे, परवाना गेला की ती आठवण राहत नाही, गुन्हा होतो." आणि ते खरंच आहे. कायद्यात बंदुकीला परवाना लागतो तसाच जिवंत काडतुसालाही लागतो, मग ते एक असो की शंभर.

खरं सांगायचं तर मी सुरुवातीला आत्याच्या बाजूने होतो. कारण इतिहास. काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि काडतूस म्हटलं की पहिल्यांदा आठवतं ते १८५७. त्यानंतर इंग्रजांनी हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनने शस्त्र कायदा आणला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्यानेच आणला. तो वृत्तपत्र कायदा रिपनच्या काळात रद्द झाला. शस्त्र कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही काही वर्षं टिकला!

या कायद्यातली खरी बोचणी अशी की गोऱ्या माणसाला त्यातून सूट होती. म्हणजे गोऱ्या मळेवाल्याने भिंतीवर चार बंदुका टांगल्या तरी चालायचं, आणि आपल्या शेतकऱ्याने डुकरं हाकलायला ठासणीची बंदूक मागितली तर अर्ज, चौकशी, शिफारस. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने याविरुद्ध ठराव केला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात गांधीजींनी हा कायदा इंग्रजी राज्याच्या सर्वात काळ्या कृत्यांत मोजला. होय, गांधीजींनी! आणि १९३१ च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

तेव्हा माझ्या मनात आलं, की ज्यासाठी दोन पिढ्या भांडल्या ते आपण आपल्या हाताने सोडून द्यायचं?

मग काकांनी आजोबांची वही दाखवली. तारीख, घेतली, वापरली, शिल्लक असे रकाने. परवान्यावर वर्षाला किती घ्यायची आणि एका वेळी किती ठेवायची ते लिहिलेलं असतं. आजोबा आकड्यात बसतील तेवढी दरवर्षी घ्यायचेच, लागोत न लागोत. न घेतली तर साहेब म्हणेल गरज नाही, आणि पुढच्या वेळी आकडा कमी करेल! ही रेशनकार्डावरची साखर उचलण्याचीच रीत झाली. डब्यातला साठा असा जमला होता, भीतीपोटी.

'वापरली'च्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे: 'हवेत'. वांदर पळवायला हवेत, डुकरं पळवायला हवेत. एकदा 'दिवाळी' असंही लिहिलंय, त्यावर आजीची काय प्रतिक्रिया झाली असेल कोण जाणे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली, रानडुक्कर मारायलाही परवानगी लागू लागली, आणि वहीतल्या नोंदी विरळ होत गेल्या. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, निकालानंतर परत, एवढीच काय ती तिची ये-जा.

वही वाचता वाचता माझा विचार बदलला. इंग्रजांचा कायदा प्रजेवर अविश्वास ठेवून केलेला होता. १९५९ चा कायदा आपल्या संसदेने केला आणि १९६२ पासून तो लागू आहे. तोही कडक आहे, कचेरीचे हेलपाटे तेव्हाही होते आणि आताही आहेत. पण त्यात गोरा-काळा नाही. आणि हक्क मिळवण्यासाठी भांडणं वेगळं, मिळालेली वस्तू गरज संपल्यावर धरून बसणं वेगळं. उद्या काका नसताना तो डबा एखाद्या नातवाच्या हाती लागला, तर त्याला लिटनचा इतिहास कोण सांगणार? त्याच्या हातात फक्त दारू आणि शिसं असेल.

शेवटी २४ काडतुसं बागायतदाराच्या आकड्यात बसली. कागदी १४ काकांनी ठाण्यात जमा केली आणि पावती घेतली. चुलतभावाला काडतूस नाही मिळालं. आत्या दोन दिवस फारशी बोलली नाही. तिला वही दिली तेव्हा कुठे ती हसली, आणि दिवाळीची नोंद शोधायला लागली.

वहीत काकांनी शेवटची ओळ लिहिली आहे: शिल्लक शून्य.

असो. तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशी बंदूक, असा डबा होता का? त्याचं पुढे काय केलंत ते जरूर लिहा.