वाढत्या मुलाचं दुखरं मनगट : प्रस्तावना

संधिवात म्हटलं की गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणारे आजी-आजोबा डोळ्यांसमोर येतात. दुसरीतल्या मुलीचं मनगट सुजलंय आणि हा संधिवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “एवढ्याशा पोरीला संधिवात कसा होईल?” हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. वैद्यकशास्त्रालाही मुलांचा संधिवात वेगळा ओळखायला एकोणिसावं शतक संपत यावं लागलं. १८९७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इथल्या बालरुग्णालयातल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या तरुण डॉक्टरने २२ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. यातल्या अनेक मुलांचा आजार मोठ्यांच्या संधिवाताहून निराळा आहे, हे त्याने त्यात दाखवून दिलं. बालसंधिवाताच्या अभ्यासाची सुरुवात आपण तिथून मानतो.

आज ज्याला जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस, थोडक्यात जेआयए म्हणतात, त्याची व्याख्या सोपी आहे. वयाची सोळा वर्षं पूर्ण होण्याआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कोणतंही कारण न सापडलेली सांध्याची सूज म्हणजे जेआयए. प्रचलित वर्गीकरणात त्याचे सात प्रकार आहेत. एका प्रकारात गुडघ्यासारखे मोजकेच सांधे धरतात, दुसऱ्यात बोटांपासून मनगटापर्यंत अनेक. एकात रोज ताप चढतो आणि अंगावर पुरळ उठतं. आणखी एकात स्नायुबंध जिथे हाडाला चिकटतात, विशेषतः टाचेपाशी, तिथे दुखतं; हा प्रकार पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे अधिक दिसतो. या एवढ्या मोठ्या विषयातला एकच सांधा आणि त्याचं दुखणं इथे अभ्यासाला घेतलं आहे. मनगटच का, हे आधी सांगायला हवं.

मनगटात लहान लहान गोट्यांसारखी आठ हाडं दोन ओळींत बसवलेली असतात. जन्माच्या वेळी ही आठही हाडं कूर्चेची असतात, त्यामुळे नवजात बाळाच्या एक्स-रेमध्ये त्या जागी काहीच दिसत नाही. पहिल्या काही महिन्यांत दोन हाडं दिसू लागतात आणि मग एकेक करत, साधारण आठ ते बारा वर्षांपर्यंत, आठवं हाड उमटतं. बालसंधिवात येतो तो या घडणीच्या काळात. सांध्याचं अस्तर सुजलं की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि हाडं वयाआधीच पिकू लागतात. म्हणूनच दोन्ही हातांच्या एक्स-रेमध्ये आजारी मनगट निरोग्या मनगटापेक्षा वयाने मोठं दिसू शकतं. सूज वर्षानुवर्षं राहिली तर हाडांमधली जागा आक्रसते आणि काही हाडं एकमेकांना जुळूनही जातात. करंगळीच्या बाजूचं पुढच्या हाताचं हाड वाढीत मागे पडतं आणि पंजा हळूहळू त्या बाजूला कलतो. मोठ्यांच्या संधिवातात हे बहुधा उलट घडतं : मनगट अंगठ्याच्या बाजूला आणि बोटं करंगळीच्या बाजूला झुकतात. मुलांच्या हाताला मोठ्यांचे नियम लावता येत नाहीत, याचा याहून ठळक पुरावा शोधायला नको.

आता वाचकाने स्वतःच्या हातावर एक गोष्ट करून पाहावी. मनगट पुढे, म्हणजे तळहाताकडे, पूर्ण वाकवावं आणि तसंच ठेवून घट्ट मूठ आवळावी. मूठ घट्ट वळतच नाही. मग मनगट किंचित मागे न्यावं. मुठीत लगेच जोर येतो. बोटांची ताकद मनगटाच्या या मागे झुकण्यावर उभी असते, आणि बालसंधिवातात बहुतेकदा हीच हालचाल सर्वांत आधी कमी होते. दुखणारं मनगट आपोआप पुढे झुकतं, कारण तसं धरल्याने तात्पुरतं बरं वाटतं. काही महिन्यांत तीच त्याची सवय होते. बोटं धडधाकट असूनही डब्याचं झाकण उघडत नाही, नळ घट्ट बसलेला वाटतो, वहीत चार ओळी लिहून झाल्या की पेन्सिल खाली ठेवावी लागते. उपचार ठरवताना तज्ज्ञ मंडळी मनगट, नितंबाचा सांधा आणि मान यांच्याकडे विशेष गांभीर्याने पाहतात. हे सांधे धरले असतील तर आजार पुढे जास्त त्रास देण्याची शक्यता असते आणि औषधांचा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

अडचण अशी की लहान मूल “माझं मनगट दुखतं” असं क्वचितच म्हणतं. ते दुखण्याला वळसा घालतं. रांगणारं बाळ तळवा टेकण्याऐवजी मूठ किंवा कोपर टेकतं. मांडी घालून बसलेला मुलगा उठताना जमिनीला तळहात न लावता बोटांची पेरं लावतो. सकाळी शाळेच्या गणवेशाची बटणं लावायला आई लागते आणि दुपारी तेच काम तो स्वतः सहज करतो. सकाळी आखडलेलं असणं आणि दिवस चढेल तसं सैल होत जाणं ही सुजेच्या दुखण्याची मोठी खूण आहे. घरी करता येईल अशी एक तपासणी आपल्या रोजच्या सवयीतच आहे. मुलाला देवासमोर करतो तसा नमस्कार करायला सांगावं आणि तळवे एकमेकांना चिकटलेले ठेवून दोन्ही कोपरं हळूहळू वर उचलायला सांगावीत. निरोगी मनगट जवळजवळ काटकोनापर्यंत मागे जातं. एका बाजूचं कोपर खाली राहिलं किंवा तळव्यांमध्ये फट पडली, तर दाखवून घ्यायला हवं. सांध्यांच्या ‘पीगॅल्स’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या चाळणी-तपासणीतही तळव्याला तळवा आणि मग हाताच्या पाठीला पाठ लावायला सांगतात.

निदानाला उशीर होतो त्याची कारणं ठरावीक आहेत. पहिलं, “वाढीच्या कळा असतील” असं म्हणून सोडून देणं. वाढीच्या कळा बहुधा पायांत येतात, संध्याकाळी किंवा रात्री येतात आणि सकाळी मूल उड्या मारत असतं. त्यांनी सांधा सुजत नाही. दुसरं, आमवाताचा ताप (रुमॅटिक फीव्हर) समजून उपचार सुरू होणं. घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या या तापात सांधेदुखी एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि फार काळ टिकत नाही. नुसता एएसओ या रक्तचाचणीचा आकडा वाढलेला पाहून महिनोन्‌महिने पेनिसिलीनची इंजेक्शनं घेतलेली मुलं आपल्याकडे कमी नाहीत. त्या आकड्यावरून घशाला कधी तरी संसर्ग होऊन गेला एवढंच कळतं. याउलट एकच सांधा सुजला असेल तर क्षयरोग आणि रात्रीची झोपमोड करणारं हाडांचं दुखणं असेल तर रक्ताचा कर्करोग, या शक्यता आधी तपासाव्याच लागतात. त्या तपासण्याआधी स्टिरॉइड सुरू केलं तर खरा आजार झाकला जातो. म्हणून घाईने गोळी देणाऱ्यापेक्षा नीट तपासून थांबायला सांगणारा डॉक्टर मुलाच्या जास्त उपयोगाचा.

या पुस्तकाचं मुख्य म्हणणं मात्र वेदनेबद्दल आहे. आपल्या घरांमध्ये सोसण्याचं कौतुक होतं. “किती शहाणी आहे, इंजेक्शनलासुद्धा रडत नाही” हे वाक्य प्रत्येक बालरुग्ण विभागात ऐकू येतं. मनगटाच्या दुखण्याच्या बाबतीत हा शहाणपणा महाग पडतो. सुजलेल्या अस्तरातून पाझरणारी रसायनं मज्जातंतूंची टोकं हळवी करतात. हे दीर्घकाळ चाललं की मेंदू आणि मज्जारज्जूही हळवे होतात आणि साधा स्पर्शही दुखरा लागू शकतो. रात्री झोप नीट झाली नाही की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, दुखणं वाढलं की झोप पुन्हा बिघडते. सूज आटोक्यात आल्यावरही काही मुलांचं दुखणं उरतं आणि ते खरं असतं, नाटक नसतं. त्यामुळे वेदना विचारायची, मोजायची आणि लिहून ठेवायची. चार-पाच वर्षांच्या पुढचं मूल चेहऱ्यांच्या चित्रपट्टीवर बोट ठेवून आपलं दुखणं दाखवू शकतं. घरच्या वहीत रोज तीन गोष्टी लिहिल्या तरी डॉक्टरांना पुष्कळ कळतं : सकाळी किती वेळ आखडलं होतं, दिवसात काय करता आलं नाही आणि झोप कशी झाली.

वेदना कमी करण्याचा पहिला मार्ग म्हणजे सूज कमी करणं, आणि याबाबतीत आजच्या मुलांचं नशीब मागच्या पिढ्यांपेक्षा कितीतरी चांगलं आहे. एके काळी दीर्घ विश्रांती हाच मोठा आधार होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमधल्या टॅप्लो इथे एरिक बायवॉटर्स आणि बार्बरा अ‍ॅन्सेल यांनी औषधोपचार, व्यायाम, स्प्लिंट (सांध्याला आधार देणारी पट्टी) आणि शाळा या सगळ्यांचा एकत्र विचार करण्याची पद्धत रुजवली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका आणि सोव्हिएत संघातल्या डॉक्टरांनी मिळून केलेल्या चाचणीत मेथोट्रेक्सेटची छोटी साप्ताहिक मात्रा मुलांना उपयोगी पडते हे सिद्ध झालं. २००० मध्ये इटॅनरसेप्टच्या चाचणीने बायोलॉजिक, म्हणजे सूज आणणाऱ्या ठरावीक घटकालाच अडवणाऱ्या, औषधांचं दार उघडलं. काही वेळा सुजलेल्या सांध्यातच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात आणि त्याने आखडलेलं मनगट पुन्हा हलू लागतं. पालकांनी तीन गोष्टी मनावर कोरून ठेवाव्यात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, चुकून रोज दिलं तर ते घातक ठरतं. बायोलॉजिक औषधं सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी अनिवार्य आहे. आणि सांधे ठीक असले तरी डोळे नेमाने तपासून घ्यायचे, कारण या आजारात डोळ्याच्या आत येणाऱ्या सुजेने लहान मुलांत बरेचदा डोळा लाल होत नाही, दुखत नाही, आणि तरीही ती नजर घेऊन जाऊ शकते.

औषधं सूज उतरवतात, पण हात वापरता ठेवण्याचं काम घरी आणि शाळेत होतं. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्याच्या घमेल्यात दोन्ही हात दहा मिनिटं बुडवून आतल्या आत मूठ उघडायची-मिटायची, बाहुलीचे कपडे पिळायचे, स्पंज दाबायचा. मूल ते खेळ म्हणून करतं. त्यानंतर मनगट मागे नेण्याचा हलका ताण द्यायचा, थेरपिस्टने शिकवला असेल तसा, दुखण्याच्या सीमेवर थांबून. सांधा लाल-गरम असेल त्या दिवशी जोर लावायचा नाही, मात्र हालचाल पूर्ण बंदही ठेवायची नाही. स्प्लिंट दोन प्रकारचे असतात. रात्रीचा स्प्लिंट मनगट किंचित मागे झुकलेल्या स्थितीत आराम देतो. दिवसाचा आखूड असतो, बोटं मोकळी ठेवतो आणि लिहिताना आधार देतो. दिवसभर बांधून ठेवलेला हात अशक्त होतो, म्हणून स्प्लिंट काढून व्यायाम करणं हा उपचाराचाच भाग आहे. मूल वाढतं तसा स्प्लिंटही लहान पडतो; काही महिन्यांनी तो पुन्हा घडवावा लागतो.

शाळेत बहुतेक बदल बिनखर्चाचे आहेत. जाड पकडीचा पेन, तिरक्या पाटीवर वही, दप्तरात मोजकी पुस्तकं आणि ते दोन्ही खांद्यांवर, बाटली फिरवून उघडण्याऐवजी दाबून उघडणारी. सूर्यनमस्कारात तळव्यांवर भार येतो त्या स्थितीऐवजी दुसरी हालचाल द्यावी, पण मुलाला मैदानाबाहेर बसवू नये. पोहणं या मुलांना विशेष मानवतं. परीक्षेसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि लेखनिकाची तरतूद आहे. अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असलं तरी लिहिण्याची अडचण असणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी २०२२ मध्ये स्वतंत्र सूचना निघाल्या. कागदपत्रं वेळेत केली तर या तरतुदींचा उपयोग होतो, म्हणून वर्गशिक्षकांशी जूनमध्येच बोलावं, फेब्रुवारीपर्यंत थांबू नये.

हे सगळं एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातलं नाही, हे आता लक्षात आलं असेल. बालसंधिवाताचे तज्ज्ञ आपल्याकडे मोजके आहेत आणि बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी मुलाचं सुजलेलं मनगट पहिल्यांदा पाहतो तो फॅमिली डॉक्टर, किंवा अक्षर बिघडल्याची तक्रार करणारे गुरुजी, किंवा वेणी घालताना लेक हात मागे घेते हे टिपणारी आई. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीच्या विद्यार्थ्यांना इथे आयुष्यभर पुरेल एवढं काम आहे : आपल्या मुलांच्या सवयींना, जमिनीवर बसण्या-उठण्याला, हाताने जेवण्याला साजेसे व्यायाम आणि मोजमापं अजून घडवायची आहेत. यासाठी आधी शास्त्र पाठ असायला हवं असं नाही. मुलाच्या हाताकडे नीट पाहायची तयारी असली की सुरुवात होते, आणि ती असणाऱ्या प्रत्येकाचं या विषयात स्वागत आहे. फक्त एक विनंती आहे. मुलाला “थोडं सोस, मोठेपणी बरं होईल” असं सांगू नका. त्याच्या मनगटाची हाडं याच वर्षी घडताहेत, आणि त्यांच्यासाठी जे करायचं ते याच वर्षी करावं लागणार आहे.