उगादी आणि शककर्त्याचे नाव

चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे आपला गुढीपाडवा, कर्नाटक, आंध्र व तेलंगणात उगादी म्हणून साजरा होतो. कर्नाटकात कडुनिंब-गुळाचे ‘बेवु-बेल्ल’ वाटतात, पंचांगश्रवण होते आणि शालिवाहन शकाचे नवे वर्ष सुरू होते. शालिवाहनाने शकांना जिंकून हा शक सुरू केला, अशी लोकश्रद्धा आहे.

बदामीचा पाषाण मात्र निराळेच सांगतो. तेथील तिसऱ्या लेण्यात चालुक्य मंगलेशाचा इ.स. ५७८ मधील संस्कृत लेख आहे (तिथी कार्तिकी पौर्णिमेची). शकनृपतीच्या राज्याभिषेकाला ५०० वर्षे लोटली, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे गणनेचा आरंभ इ.स. ७८, आणि तोही शकराजाच्याच अभिषेकापासून! शालिवाहनाचा त्यात उल्लेखही नाही. ते नाव या गणनेला कित्येक शतकांनंतर जोडले गेले. विजयनगरच्या लेखांत ते सर्रास आढळते.